सहा नंबरची सुरी

सुरी माझ्या हातून हरवली, आणि हरवली तेव्हा मी भाषण ठोकत होते.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. त्याआधी मी हजेरीलासुद्धा इतक्या हळू "हजर" म्हणायचे की बाईंना दोनदा पुकारावं लागायचं. आणि आता माझ्या तोंडाला खीळ नव्हती. बसच्या कंडक्टरशी बोलत होते, दूधवाल्याला सल्ले देत होते, शेजारच्यांच्या मांजराला तर अख्खं भाषण दोनदा ऐकवून झालं होतं.

त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर नेहमीसारखी आईकडे गेले. मासळीबाजाराच्या मागच्या बाजूला नळांची रांग आहे. तिथे मासे साफ करून देणाऱ्यांची टेबलं असतात, त्यातलं तिसरं आईचं. गिऱ्हाईक पुढून मासा विकत घेऊन येतं. आई खवले काढते, पोट साफ करते, आणि कुणी सांगितलं तर मधला कणा बाजूला करून दोन्हीकडचं मांस अख्खंच्या अख्खं, बिनकाट्याचं सोडवून देते. याला सगळे फिले म्हणतात. आईचा फिले बघायला लोक थांबतात. सुरी माशाच्या आत शिरते आणि जणू कुणाला न उठवता घरातून बाहेर पडावं तशी शेपटीकडून बाहेर येते.

पण पंधरा वर्षं गार पाण्यात हात. आईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, सकाळी उठल्यावर मूठ वळायला दहा मिनिटं लागायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे असंच चालू राहिलं तर पुढच्या वर्षी मूठ वळणारच नाही. म्हणून त्या गुरुवारी मोठ्या हॉटेलाच्या मुख्य आचारी स्वतः बाजारात आल्या आणि त्यांनी आईला बाजूला बोलावून घेतलं, तेव्हा मला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. त्यांच्याकडे फिले करणारं माणूस हवं होतं. कोमट पाण्याचा नळ, बसायला उंच स्टूल, महिन्याचा पगार.

आई हात पुसत त्यांच्याबरोबर गेली. मी म्हटलं, तू जा, टेबल मी आवरते.

आवरायचं म्हणजे काय, तर टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली असतात. खवले, कल्ले, आतडी सगळं त्यावर. कागदाच्या चारी कडा गोळा करायच्या आणि गाठोडं निळ्या पिंपात टाकायचं. पाच वाजता खताच्या कारखान्याची गाडी येऊन पिंपं रिकामी करून जाते. शेजारच्या टेबलावर भिंगरी मावशी होती. ती आईची मैत्रीण, सतत गरागरा फिरत काम करते म्हणून हे नाव. तिने माझं भाषण ऐकलं नव्हतं. एवढं माणूस समोर आणि ऐकलं नाही, म्हणजे काय. विषय होता स्वच्छता. मी सुरुवात केली, हातवारे केले, आणि "चला तर मग, आजपासूनच" या वाक्यावर कागदाच्या चारी कडा अशा काही झोकात उचलल्या की मावशीने टाळ्या वाजवल्या.

नंतर सुरी पेटीत ठेवायला गेले तर सुरी नाही. टेबलाखाली नाही, नळाजवळ नाही, फडक्यात नाही. पिंपाकडे बघितलं. पिंप रिकामं, आणि गाडीची मागची बाजू फाटकातून वळताना दिसत होती. मी फाटकापर्यंत धावले. स्वच्छता पुढच्या चौकात पोचली होती.

आई परत आली ती वेगळीच आई होती. गाल लाल, पदराचं टोक उगाचच बोटाला गुंडाळत होती. शनिवारी सकाळी नऊला परीक्षा, म्हणाली. एका तासात दहा मासे, आपली स्वतःची सुरी घेऊन यायचं. मग मला विचारलं, सुरी नीट ठेवलीस ना.

मी म्हटलं, हो.

चार दिवसांतलं माझं सगळ्यात छोटं भाषण.

शुक्रवारी बाजार बंद असतो, एवढंच काय ते नशीब. पण सकाळी डबा भरताना आई म्हणाली की संध्याकाळी सुरीला जरा दगडावर धार लावायला हवी, पेटी काढून ठेव. माझं धाबं दणाणलं. तोंडातून निघून गेलं की सुरी मावशीकडे राहिली आहे, येताना घेऊन येते. एक खोटं पचत नाही तोवर दुसरं वाढून घेतलं. आईने उलट माझ्या डब्यात जास्तीचं काहीतरी घातलं, आणि ते मला दुपारी गिळवेना.

वर्गात मी एकच गोष्ट करत होते, वहीच्या मागच्या पानावर सुरी काढत होते. लाकडी मूठ, मुठीत दोन पितळी खिळे. पात्याच्या बुडाशी मासोळीचा छाप, त्याखाली आकडा सहा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मग घाबरायचं कशाला, मी स्वतःला समजावलं. सारखीच सुरी आणायची. आईला कळणारसुद्धा नाही.

शाळा सुटल्यावर माझ्या वाढदिवसाचे साठवलेले पैसे घेऊन सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात गेले. अरुंद दुकान, तिन्ही भिंतींना पाती लटकलेली, मध्ये एक म्हातारे काका चष्मा कपाळावर चढवून बसलेले. त्यांनी विचारलं, कशासाठी हवी. मी म्हटलं, मासोळी छाप, सहा नंबर, लाकडी मूठ. ते म्हणाले, ते कळलं, पण करायचं काय आहे तिने, खवले काढायचे, डोकं तोडायचं की फिले. ते आणखी दोन-तीन सुऱ्या काढायला लागले होते. आठवड्यापूर्वीची मी असते तर मुकाट्याने बघत बसले असते. पण आता मी बोलणारी मुलगी होते ना. काकांना ठणकावून सांगितलं की मला काय हवं ते मला पक्कं माहीत आहे, आमच्या घरात पंधरा वर्षं हीच सुरी आहे.

काकांनी खांदे उडवले आणि सहा नंबर दिली.

हातात घेतली तेव्हा जरा जाडजूड वाटली. पण नवी वस्तू अशीच वाटते, नवे बूट नाही का मोठे दिसत. छाप तोच, खिळे तेच, आकडा तोच. माझा जीव भांड्यात पडला.

आता ती जुनी दिसायला हवी होती. आणि ती मावशीकडे आहे असं सांगून बसले होते, तेव्हा मावशीला गाठणं भागच होतं. मावशीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तिला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला, मग मी पुढचा बेत सांगितला तेव्हा मात्र तिला हसू आवरेना. बेत असा होता की मूठ कडक चहात बुडवून ठेवायची म्हणजे काळपट होईल. मावशीने हसत हसत चहा उकळला, मी लोट्यात सुरी उलटी उभी केली, वर कॉलेजच्या पोरीसारखी मिरवत त्याची शास्त्रीय कारणं सांगितली. पंधरा मिनिटांनी मूठ बाहेर काढली. अगदी जुनी दिसत होती.

तेव्हा मावशीने पहिल्यांदा पात्याकडे नीट बघितलं, आणि तिचं हसू गेलं.

"अगं, ही तिची सुरी नाही."

मी छाप दाखवला. आकडा दाखवला.

"असू दे आकडा. तुझ्या आईने घेतली तेव्हा ती अशीच होती, माझ्यासमोर घेतली. त्यानंतर पंधरा वर्षं रोज सकाळी दगडावर. झिजून झिजून तिचं पातं तुझ्या बोटाएवढं उरलं होतं. लवायचं ते. त्या लवण्यावर तिचा हात बसलाय."

मला अजूनही पटत नव्हतं. मावशीने बर्फाच्या कप्प्यातून एक मासा काढला, पाण्यात ठेवून सैल केला आणि मला दाखवलं. बरगडीचे काटे आत गोलाई धरून असतात. आईची सुरी त्या गोलाईवर वाकून चालायची, काट्याला चाटून जायची. ही नवी सुरी सरळ गेली. काटे कापत गेली, आणि कण्याला बोटभर जाडीचं मांस तसंच चिकटून राहिलं. तुकड्यावरून मी बोट फिरवलं. कापलेल्या काट्यांची टोकं टोचत होती. कंगव्यासारखी.

मला एकदम दिसलं ते. उद्या सकाळी, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, त्या बाईंचं बोट असंच फिरतंय आणि आई बघते आहे.

साडेसहा वाजले होते. दुकान सातला बंद व्हायचं. मी सुरी कागदात गुंडाळून धावत सुटले, मावशी मागून काहीतरी ओरडत होती ते ऐकायलाही थांबले नाही.

काका शटर अर्धं ओढून आतले दिवे मालवत होते. मी वाकून आत शिरले. मी म्हटलं, बदलून द्या. त्यांनी कागद उलगडला, मूठ नाकाशी नेली आणि माझ्याकडे चष्म्यातून बघितलं.

"चहा प्यायलेली सुरी मी परत घेत नाही."

माझ्याकडे भाषण तयार होतं. ग्राहकाचे हक्क वगैरे, धावताना जुळवलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते रडणं. नाक पुसत पुसत मी त्यांना सगळं सांगून टाकलं, पिंप, गाडी, दहा मासे, आईची न वळणारी मूठ. कुणाला खरं सांगून टाकायची माझी त्या दिवसातली ही दुसरीच वेळ, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं ते अजून राहिलंच होतं.

काकांनी शटर पुन्हा वर केलं. मला स्टुलावर बसवलं आणि दुपारी मी जे विचारू दिलं नव्हतं ते विचारायला लागले. मासे केवढे असतात. मी म्हटलं, दीड वीत. सुरुवात कुठून करते, शेपटीकडून की डोक्याकडून. कल्ल्याच्या मागून. सालही काढते का. हो, शेवटी, तुकडा साल खाली करून ठेवून. तर्जनी कुठे असते तिची. आणि हे विचारल्यावर माझा हात आपोआप तसा झाला, बोट पात्याच्या पाठीवर, कोपर अंगाला चिकटलेलं. इतकी वर्षं मी समोर मुकाट उभी असायचे, पण डोळे काम करत होते म्हणायचे.

"हात केवढा?"

मी माझा पंजा पुढे केला आणि म्हटलं, याच्याहून लहान. मग आठवलं म्हणून सांगितलं की बोटं दुखतात, घट्ट आवळता येत नाही.

काकांनी तीन सुऱ्या समोर ठेवल्या. पहिलीची मूठ गुळगुळीत, शिसवीसारखी, काय सुंदर. त्यांनी तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि म्हणाले, धर. ती माझ्या मुठीतून साबणासारखी सरकली. दुसरीचं पातं इतकं लांब की आईला कोपर बाहेर काढावं लागलं असतं. तिसरी दिसायला अगदीच दळभद्री, पिवळ्या प्लॅस्टिकची खरखरीत मूठ, बादलीचा कान वाटावा अशी. पण ओल्या हातात हलली नाही. मूठ फुगीर होती, आवळावी लागत नव्हती. टोक लाकडी फळीवर टेकवून दाबलं तर पातं वाकलं आणि सोडल्यावर सरळ झालं.

मी विचारलं, नक्की हीच ना. काका म्हणाले की नक्की म्हणून काही नसतं, हात ठरवेल. सहा नंबर त्यांनी परत घेतली नाही ती नाहीच, पण माझ्याकडे होते तेवढे घेऊन पिवळीचे बाकीचे पैसे आईला सवडीने पाठवायला सांग म्हणाले.

परतताना मला कळत होतं की आता कुठलंच खोटं चालणार नाही. पिवळी मूठ कितीही चहा प्यायली तरी पिवळीच राहणार.

आई स्वयंपाकघरात धारेचा दगड पाण्यात भिजत घालून बसली होती. मी पिवळी सुरी तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं. उभ्या उभ्या, हातवारे न करता. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ती ओरडली नाही. तिने दगड पाण्यातून काढून फडक्यावर ठेवला, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

मग तिने विचारलं, कधी.

"काल. तू आचारीबाईंशी बोलत होतीस तेव्हा."

"आणि मी विचारलं तेव्हा हो म्हणालीस."

मी मान हलवली.

"हे उद्या तिथे पिशवी उघडल्यावर कळलं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार आला का तुझ्या मनात? पहिला नंबर आलाय तुझा. बोलता येतं तुला."

आईने सुरी उचलली, अंगठा पात्यावर आडवा फिरवला, टोक फरशीला टेकवून वाकवून बघितलं. कारखान्याची धार कसली ही, एवढंच म्हणाली, आणि दगडावर धार लावायला बसली. घासण्याचा आवाज जेवणापर्यंत चालू होता. मला वाटत होतं प्रत्येक फेरीला ती मलाच घासते आहे.

शनिवारी मी बरोबर गेले. आईने ये म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. हॉटेलचं स्वयंपाकघर आमच्या अख्ख्या शाळेच्या सभागृहाएवढं असेल. मला दाराशी एका रिकाम्या क्रेटवर बसायला सांगितलं. आचारीबाई उंच, सडसडीत, हसतच नव्हत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि दहा मासे पुढे सरकवले.

पहिला मासा. आईने तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवली, कल्ल्यामागून शिरली, आणि अर्ध्यात सुरी भलतीकडे वळली. पातं जुन्या सुरीपेक्षाही जास्त लवत होतं. पाठीच्या सालीला आरपार भोक पडलं. आईचे कान लाल झालेले मला दारातून दिसत होते. आचारीबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांत कुणी आईच्या माशाला भोक पडलेलं बघितलं नव्हतं. मी क्रेट इतका घट्ट धरला होता की त्याची जाळी तळहातांवर उमटली.

दुसरा मासा, भोक नाही, पण तुकड्याची कड फाटली. घड्याळात पंधरा मिनिटं गेली होती. पंधरा मिनिटांत दोन.

तिसऱ्याच्या आधी आई थांबली. सुरी खाली ठेवली, हात पुसले. मला वाटलं, संपलं, आता ती माफ करा म्हणेल आणि आम्ही घरी जाऊ. तिने सुरी परत उचलली ती वेगळ्या पद्धतीने. तर्जनी पाठीवरून काढली आणि पातं मुठीजवळ चिमटीत धरलं. पंधरा वर्षांची सवय उभ्या उभ्या मोडली. तिसरा मासा फार हळू झाला. चौथा जरा बरा. पाचव्याला तिचं कोपर अंगाला चिकटलं, सहाव्याला मला तो आवाज ऐकू आला, काट्यांवरून पातं घासत जातं तेव्हाचा, नखाने कंगवा छेडावा तसा. सातवा, आठवा. मग मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं, कारण काटा बघितला की पळतोय असं वाटायचं.

दहा वाजले तेव्हा नऊ मासे झाले होते आणि दहाव्याची एक बाजू बाकी होती. आचारीबाई म्हणाल्या, पुरे.

त्या ओळीने तपासत गेल्या. पहिल्यावर बोट फिरवलं, थांबल्या, एक काटा उपसून ताटलीत ठेवला. आणखी एक. दुसऱ्यातून एक. पुढच्यांवर बोट न अडता गेलं. शेवटी त्यांनी नवव्याचा उरलेला कणा शेपटीला धरून खिडकीसमोर उचलला. काट्यांच्या मधून बाहेरची भिंत दिसत होती, मांस उरलंच नव्हतं.

"सुरी किती दिवसांची?" त्यांनी विचारलं.

आईने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. "कालची," म्हणाली.

आचारीबाईंनी कणा ताटलीत ठेवला. मग म्हणाल्या की त्यांच्याकडे येणाऱ्यांचा पहिला मासा नेहमी उत्तम असतो आणि दहावा बघवत नाही. उलटं आज पहिल्यांदा बघितलं. एक महिना ठेवून बघते, त्या म्हणाल्या, पण दहा म्हणजे दहा व्हायला हवेत. सोमवारी सातला या. आणि भोक पडलेला तुकडा उचलून त्यांनी रश्शाच्या पातेल्यात टाकून दिला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मला नाचायचं होतं. आईने उजवा हात उघडून बघितला. चिमटीच्या जागी बोटावर फोड आला होता, टचटचीत. ती मूठ वळवून बघत होती, उघडत होती, पुन्हा वळवत होती. मी म्हटलं, एक महिना म्हणजे झालंच की गं. ती म्हणाली, झालं नाही, सुरू झालंय.

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, आत सुरी होती.

आईने पिशवी त्या खांद्यावरून या खांद्यावर घेतली, माझ्यापासून लांबच्या, आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.